वखारीत टांगलेली कळशी

पापडी, वसई
१२ जानेवारी २००३

प्रिय वसूताई,

तुझं पत्र पोचलं. स्वप्नाच्या लग्नाला येणार नाही म्हणतेस. बाबांना माझं येणं चाललं नसतं, ते आता त्यांच्या माघारी, चोरून केल्यासारखं करणार नाही, असं लिहिलंयस. वाचलं, रागावले, दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले आणि पत्र फळीवर ठेवून दिलं. पोरीच्या लग्नात तिची सख्खी मावशी नसावी, याचं मला किती वाईट वाटतं ते तुला ठाऊक आहे. पण त्याचं उत्तर लगेच देत नाही. आधी माझ्या नव्या खुळाबद्दल ऐक. तुझी धाकटी बहीण या वयात चित्रप्रदर्शनं बघत हिंडते आहे.

खूळ लावलं ते शेजारच्या रिटाने. आमच्या ॲन्सेल्म सरांना तू ओळखत नाहीस, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची केळी पिकवायची वखार झाडली, चुना मारला, दिवे लावले आणि गॅलरी म्हणून पाटी ठोकली. लोक हसले. रविवारी चर्चहून येताना रिटा डोकावली, मग मला ओढून घेऊन गेली. पहिल्या प्रदर्शनात सगळे कॅनव्हास काळे. नुसते काळे! मी म्हटलं, पैसे देऊन आले नाही, तेव्हा बघून घ्यावं. बराच वेळ एकासमोर उभी राहिले, आणि काय सांगू, त्या काळ्यात निळं दिसायला लागलं, मग थोडं तांबूस. सरांना विचारलं, हे खरंच आहे की माझा मोतीबिंदू? ते म्हणाले, बाई, दोन्ही असेल, बघत राहा. तेव्हापासून मला चटकच लागली.

वसई रोडला स्टेशनजवळ औषधांच्या दुकानावर दुसरी एक गॅलरी निघाली आहे. तिथे मी सवयीने दारात चपला काढल्या. माझं बघून मागच्यांनी काढल्या. संध्याकाळपर्यंत दारात चपलांचा हा ढीग! मुंबईहून आलेली मंडळी आधी त्या ढिगाभोवतीच फिरली, एकाने तर फोटो काढला. मी गुपचूप माझा जोड ओढून पळाले. हसू नकोस, तू असतीस तर तूही काढल्याच असत्यास.

आता वखारीत जे लागलंय ते मात्र या सगळ्यांवर कडी आहे. उन्नती नावाची मुंबईची मुलगी, तिशीची असेल, केस पोरासारखे कापलेले. तिने वसईतल्या मोडीच्या दुकानांतून पोत्यांनी जुनी भांडी विकत घेतली आणि वखारीच्या वाशांना तारांनी टांगली. पातेली, डबे, तांबे, कळश्या. मधे पंखे लावले. वारा आला की सगळं किणकिणतं. डोळे मिटून ऐकावं, बंद पडलेल्या स्वयंपाकघरांचा तो आवाज आहे, असं तिचं म्हणणं. कल्पना छान आहे गं. पण बिचारीने एक गोष्ट धरलीच नव्हती. तिच्या घरी भांड्यांवर नावं घालत नसावेत.

आपली माणसं आली, डोळे मिटायचे सोडून चष्मे चढवले आणि भांडी उलटीपालटी करून नावं वाचायला लागली! हे कुणाच्या बारशाचं, ते कुणाच्या मुंजीचं, ही तर भुईगावच्या आत्याची परात, ती मोडीत कुणी घातली, तोंड दाखवू नये त्याने. एक म्हातारी पातेलं पोटाशी धरून उभी, सोडेचना, तारेसकट ओढत होती. रिटाला तिच्या सासूच्या नावाचा डबा मिळाला. सासूशी जन्मभर पटलं नाही, पण डबा कुशीत घेऊन रडली. उन्नतीने आधी हात लावू नका अशी पाटी लावली. कोण वाचतो? सगळे भांडी वाचत होते. दुसऱ्या दिवशी तिने पाटी काढली, पंखे बंद केले आणि स्टुलं आणून ठेवली. मला ती तेव्हा फार आवडली. मी विचारलं, तुझं चित्र बिघडलं ना? म्हणाली, मावशी, बिघडलं की झालं ते अजून कळत नाहीये.

मी रोज जायला लागले, कारण आपल्या घरचं काही असेल असा मला वास लागला होता. तुला कळवलं होतं ना, उमेळ्याची वाडी बिल्डरकडे गेली, तेव्हा दादाच्या परेशने माळा रिकामा करून तांब्यापितळेची पोती तशीच्या तशी मोडीत घातली. बांधलेली तोंडंसुद्धा सोडली नाहीत. त्याला काय बोलणार, नोकरीची घाई, ट्रक दारात. तू रुडॉल्फशी रजिस्टर लग्न केलंस त्या दिवसापासून बाबांनी घरात तुझा विषय काढू दिला नाही, आणि त्या माळ्यावर आम्हां कुणाला चढूही दिलं नाही. आम्हांला वाटायचं, घसरून पडू म्हणून.

काल रिटानेच हाक मारली. एका तांब्याच्या कळशीवर तिला रुडॉल्फ हे नाव दिसलं होतं, आणि त्याआधी चि. लावलेलं बघून तिला हसू येत होतं. रुडॉल्फला चिरंजीव कोण म्हणणार, म्हणाली. मी स्टुलावर चढले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलंय ते जसंच्या तसं लिहिते: चि. सौ. वसुंधरा व चि. रुडॉल्फ यांस दिवाळसणाची भेट. नरहरी. १९७६.

वसूताई, बाबांचं नाव वाचून मी स्टुलावरच बसले. तुझं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात. म्हणजे सहा महिन्यांच्या आत हा माणूस बाजारात जाऊन, कासारासमोर बसून, जावयाचं नाव सांगून आला होता. आपल्याच घरात कुणाला पत्ता नाही! रात्रभर आठवत बसले तेव्हा एक गोष्ट लागली. त्या दिवाळीच्या पाडव्याला बाबा नवी टोपी घालून, सायकलला पिशवी अडकवून पापडीकडे गेले होते. दुपारी परत आले, पिशवी तशीच. आईने विचारलं तर वाट चुकलो म्हणाले. जन्म वसईत गेलेला माणूस पापडीची वाट चुकतो का? आम्ही पोरं हसलो होतो. पापडीतली तुमची भाड्याची खोली दसऱ्यालाच सोडून तुम्ही नाशिकला गेलात ना? आम्हांलाही ते नाताळात कळलं. बाबा तुमच्या कुलपापर्यंत आले होते, ताई. पुढे नाशिकला का गेले नाहीत, पत्र का टाकलं नाही, ते मला माहीत नाही. पुन्हा तेवढं धैर्य झालं नसेल. राग येतो आणि रडूही येतं.

उन्नतीने लगेच शिडी लावली, कळशी काढून माझ्या हातात द्यायला. मी नको म्हटलं. दिवाळसण धाकट्या बहिणीने परस्पर घ्यायचा नसतो, तो लेकीने आणि जावयाने घ्यायचा असतो. प्रदर्शन संपलं की बाकीची भांडी पुढच्या प्रदर्शनासाठी बडोद्याला जातील, कळशी सर ठेवून घेणार आहेत. स्वप्नाचं लग्न नऊ फेब्रुवारीला आहे. तू लिहिलंस की बाबांना चाललं नसतं. आता कळशीवर काय आहे ते तू वाचलंस. हे पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखव, चि. हा शब्द दोनदा. मी बोलावून तू आली नसतीस हे मला कळत होतं, म्हणून इतके दिवस आग्रह केला नाही. हे आमंत्रण माझं नाहीच. बाबांचं आहे, पोचायला सव्वीस वर्षं लागली. दोघंही या.

तुझीच,
सावी