गोल केल्यावर नाचू नये

१२ एप्रिल
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

परवा टीव्हीवर तुझा गोल पाहिला. इकडे आम्ही खुर्च्या सोडून उड्या मारतोय आणि तू तिकडे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून, मान खाली घालून उभा! मागच्या दोन्ही गोलांनाही तेच. बाबांनी तेव्हापासून घोशा लावलाय, की पोराला परदेशात काहीतरी सलतंय. जेवणावरून मन उडालंय त्यांचं. खरं काय ते कळव. प्रेमप्रकरण असेल तर आधी मला सांग, बाबांना मी पटवते.

उत्तर न आल्यास शिव्या घालणारी,
ताई

२० एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अगं, दुःख कसलं डोंबलाचं! खेळाडूंची रीत आहे ती. ज्या क्लबकडून आधी खेळलो त्यांच्यावर गोल केला तर नाचायचं नाही, हात जोडायचे. खाल्ल्या मिठाला जागायचं. आता तुझ्या भावाने इतके क्लब बदललेत, की गोल कुणावरही करा, तिथलं मीठ खाऊन झालेलंच असतं.

खरी काळजी वेगळीच आहे. या हंगामाअखेर माझा करार संपतो. मॅनेजर म्हणतो, शनिवारी गोल केलास तर एक वर्ष वाढवून देतो, नाहीतर नारळ. मग यायचं भावजींच्या रंगाच्या दुकानात डबे उचलायला. ताई, मला अजून खेळायचंय गं. गुडघे कुरकुरतात, पण खेळायचंय. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू दे.
धाकटा

२८ एप्रिल
ती. ताईस, सा. न.

गोल केला! तोही डोक्याने, ज्याचा काही उपयोग नाही असं तुम्ही सगळे म्हणायचात. सवयीने लगेच हात जोडले आणि समोरच्या तांबड्या सदऱ्यांच्या प्रेक्षकांची मनोभावे माफी मागितली. मागून आमचा गोलकीपर बोंबलत आला, की अरे गाढवा, यांच्याकडून तू कधी खेळलास? आठवून पाहिलं. खरंच खेळलो नव्हतो गं! तांबड्या सदऱ्याचे दोन क्लब झालेत माझे, हा तिसराच निघाला.

आमच्या लोकांना वाटलं, मी फितूर झालो. मॅनेजरने तोंडाचा पट्टा सोडला आणि गोल करूनही नारळ दिला. कपडे बदलायच्या खोलीत ढसाढसा रडलो, तुला म्हणून सांगतो. तर दुसऱ्या दिवशी तांबड्यांच्या मॅनेजरचा निरोप: आमचे प्रेक्षक तुमच्या नम्रतेवर फिदा झालेत, येता का? दोन वर्षांचा करार, ताई! सही मेअखेर.

आता बाबांना खुशाल सांग.
तुझा नम्र (छापून आलंय तसं),
धाकटा

६ मे
चि. धाकट्यास, आशीर्वाद.

गाढवपणाला बक्षीस मिळालेलं पहिल्यांदाच पाहिलं. हे तर तुझ्याहून खूश आहेत. ज्याला तांबड्या-तांबड्यातला फरक कळत नाही त्याला रंगाच्या दुकानात बसवायचं, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

बाबांना सगळं सांगितलं. पोट धरून हसले, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मग हात पुसता पुसता मला विचारलं, की दोन वर्षं म्हणजे मग तो घरी कधी येणार? मी ताटं उचलून आत निघून गेले. खोटं बोलायला मी एरवी मागे हटत नाही, तुला ठाऊक आहे.

सही जरूर कर. पण त्याआधी ते उत्तर तूच त्यांना दे.

तुझी,
ताई