कुंकू लावलेलं रॉकेट

ती. आईस, डब्लिनहून सईचा वाकून नमस्कार.

आई, तुझी मुलगी पास झाली! रॉकेट क्लबचं पहिलं सर्टिफिकेट मिळालं. माझ्याएवढं उंच रॉकेट मी स्वतः बांधलं आणि शनिवारी मक्याच्या कापलेल्या शेतातून उडवलं. किती वर गेलं याला इथे मार्क नाहीत. पॅराशूटने धड खाली आलं, तरच पास.

आलं की! पण आमचे परीक्षक रॉनकाका भलतेच कडक. फिरवून फिरवून बघताना त्यांनी एका लाल डागावर बोट ठेवलं. "इथे भाजलंय का?" मी वाकून पाहिलं. मग आठवलं, उडवण्याआधी मीच तू पाठवलेलं कुंकू लावलं होतं! सांगितल्यावर त्यांनी सही केली आणि स्वतःचं रॉकेट पुढे केलं, "यालाही लाव."

ऑफिसात नोकरकपातीत आणखी दोन टेबलं रिकामी झाली. माझं आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? विचारलं की बाबा फोनवर विषय बदलतात.

पुढच्या पार्सलात कुंकू जास्त पाठव. शेवटची चिमूट सोमवारी ऑफिसला निघताना मी स्वतःला लावली.

तुझी,
सई