बारीक मिशीवाला जावई

२ फेब्रुवारी २०२५
मुलगा आला, पोहे खाल्ले, गेला! स्वप्निल, हिंगणीचा. वनरक्षक. आमच्या वर्षालीनं स्वतःच शोधलेला. नोकरी पक्की, घर चांगलं, बोलणं नम्र. नाव ठेवायला जागा नाही, आणि तरी माझं मन घेत नाही. बारीक मिशी, हसताना डावी भुवई वर! तो गेल्यावर मी चांदीच्या वाट्या कपाटात टाकून कुलूप लावलं. का, ते मलाच कळेना.

ह्यांनी विचारलं, "काऊन वं नलू, साक्षगंधाची तारीख काढू का नको?" म्हटलं, साखरपुड्याची एवढी काय घाई, थांबा जरा. वर्षालीचं तोंड एवढंसं झालं.

४ फेब्रुवारी
पोरगी नीट जेवत नाही. मीही.

६ फेब्रुवारी
वर्षाली वर्ध्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आज म्हणाली, "आई, रविवारी स्वप्निलले बोलावते. सारे मिळून एक जुना सिनेमा पाहू. त्याच्यानंतरही नाई म्हणशील तं मले मंजूर." एवढंच? बरं!

सगळ्यात खूष माझ्या सासूबाई, देवकाबाई. वय ब्याऐंशी. तरुणपणी जत्रेतल्या तंबूतला एक सिनेमा सोडला नाही म्हणे. ऐकून मला हसू फुटलं, लगेच पदर तोंडाला लावला. नवी नवरी होते तेव्हापासूनची सवय. मी मोकळी हसले की त्यांच्या कपाळाला आठी!

९ फेब्रुवारी
काय मजा आली! काळापांढरा हिंदी सिनेमा. हवेलीतला हार चोरीला जातो. मध्यंतराला वर्षालीनं टीव्ही थांबवला, दोन वाट्या मांडल्या, हातात नव्या तुरीचे दाणे दिले. चोर कोण? देवभोळे शेठजी, की बारीक मिशीवाला भाडेकरू? सगळे दाणे मिशीच्या वाटीत. स्वप्निलचेसुद्धा! "काकू, मी तं मलेच चोर ठरवलं!" म्हणाला, आणि भुवई उडवून हसला.

चोर निघाले शेठजी. मिशीवाला बिचारा पोलीस! आणि शेवटी तो हार शोधून देते कोण, तर क्लबात नाचणारी, खदाखदा हसणारी बाई.

वर्षाली म्हणाली, "मन आधी ठरवते आई, कारणं मागून शोधते. लहानपणापासून पाह्यलेले चेहरे डोक्यात बसून राह्यते. आपल्याले पत्ताच नसते."

मला माझं कुलूप आठवलं. म्हणजे कुठल्या तरी खलनायकाच्या मिशीपायी मी पोरीचं लग्न अडवून बसले होते! लाज वाटली, हसूही आलं. कपाट उघडलं, चांदीच्या वाट्या काढल्या, त्यातच खीर वाढली. साक्षगंध कधी, हेही मीच विचारलं. वर्षाली गळ्यातच पडली.

सासूबाईंनी मात्र खीर तशीच ठेवली. माझ्याकडेच पाहत बसल्या होत्या. तब्येत बरी नसेल.

१० फेब्रुवारी
सकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडली. सोन्याची एकदाणी काढली. "हे तुह्यासाठीच केलती. पण तू लगन होऊन आली अन् हासली, तं मले तंबूतली ते नाचणारी दिसली, घरं बुडवणारी. मी लपवून ठेवली. तुहा काही गुन्हा नोता वं, नलू."

एकतीस वर्षं!

स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातली. म्हणाल्या, "आता हास. पदर काढून हास."

आधी रडले. मग अशी हसले की शेजारची शकुबाई काय झालं म्हणून पाहायला आली!