पिवळा ट्रॅक्टर आत आणू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती, राहणार वर्कशॉपच्या मागच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पेनाने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेलं नाही. बायको मधूनमधून येऊन "झालं का?" असं विचारते, तो दबाव धरू नये. डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही इंजिनाच्या टॅपेटची गॅप विचारावी, झोपेतून उठून सांगेन. याआधी रागाच्या भरात कॅलेंडरच्या पाठीमागे एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात मी सगळं कुत्र्याला दिलं होतं आणि कुत्रं माझ्याआधी गेलं.

लिहिण्याचं कारण असं, की डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि व्हॉल्व्ह बदलावा लागेल म्हणाल्या. मी विचारलं, ओरिजिनल मिळतो की लोकल? त्यांना हसू आलं नाही. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. पन्नास वर्षं मी इंजिनं उघडून परत बंद केली. सगळी पहिल्यासारखी सुरू झाली असं नाही, म्हणून आधी लिहून ठेवलेलं बरं.

कलम १. राहतं घर सगळ्या सामानासुमानासह बायकोला. ते तसंही तिचंच आहे, मी तिथे फक्त जेवायला आणि बोलणी खायला जात आलो. परसात पडलेला करड्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ती नऊ वर्षं हलवायला सांगते आहे. तो हलवण्याची जबाबदारी मी मुलावर टाकतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पण बायकोला. त्यावरून मुलांनी तोंडं वाकडी करू नयेत.

कलम ३. मुलाला, म्हणजे करड्या कंपनीच्या (कंपन्या मी ट्रॅक्टरच्या रंगावरूनच ओळखतो) शोरूममध्ये टाय लावून ट्रॅक्टर विकणाऱ्याला, माझी ऑफिसातली फिरती खुर्ची. त्याला बसून काम करायची सवय आहे. माझा त्याच्यावर राग नाही. फक्त "बाबा, आता मशीन स्वतःच सांगतं काय बिघडलंय" हे वाक्य त्याने माझ्या फोटोसमोर म्हणू नये. गेल्या पेरणीला एका करड्याने स्क्रीनवर सांगितलं, की सेन्सर गेला. सेन्सर ठणठणीत होता, सांगणारी वायर गेली होती. लॅपटॉपवाला येईपर्यंत चार दिवस ट्रॅक्टर शेतात उभा, आणि मालक गार केबिनमध्ये बसून घाम पुसतोय.

कलम ४. वर्कशॉप, त्याची जागा, चेन-पुली, दोन्ही जॅक, पान्यांचे सगळे सेट आणि इंजिनाला लावून कानाने ऐकायची माझी लांब सळई, हे सर्व मुलीला. डिझेल पंपवाल्याने नेलेला टॉर्क पाना तिने मागून घ्यावा. तो "कुठला पाना?" असं विचारेल, तेव्हा त्याच्या टेबलाच्या डाव्या खणाकडे बोट दाखवावं.

मुलगी माझ्यापेक्षा चांगली मिस्त्री आहे, हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण डोक्यात हवा गेली असती. क्रँकची बेअरिंगं बसवताना तिचा हात माझ्याहून हलका चालतो. हे मी तिला शिकवलेलं नाही. माझ्याकडे तिने मोठं इंजिन पहिल्यांदा उघडलं, तेव्हाच तिला ते येत होतं. रक्तात असणार. माझ्या.

बुधवारची सुट्टी तिने चालू ठेवावी. त्या दिवशी मी पार्ट आणायला शहरात जातो आणि ती दिवसभर काकूकडे असते. माणसाला आठवड्यातून एक दिवस ग्रीसपासून लांब राहायला मिळालं पाहिजे.

कलम ५. आता गिऱ्हाइकांसाठी. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, ते म्हणजे ज्या प्रश्नाने त्यांनी माझं डोकं खाल्लं त्याचं उत्तर. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, एकदा तर प्रेत उचलायच्या आधी मला लोकांनी विचारलंय, "मिस्त्री, मोठा ट्रॅक्टर घ्यायचाय, शंभर घोड्यांचा. कुठल्या कंपनीचा घेऊ?"

निळ्याचं घ्या. निळ्याचा सुटा भाग प्रत्येक दुकानात मिळतो, आणि तो तसा मिळावाच लागतो. क्लच दोन हंगाम पुरतो. मागची लिफ्ट वजन उचलते, पण उचलून धरायचा तिला कंटाळा येतो, सील गळतात. दुरुस्ती कोणीही करू शकतो, आणि कोणीही करतो, मग तो माझ्याकडे येतो. माझ्या घरावर दुसरा मजला चढला तो निळ्यावर.

करड्याचं घ्या. डिझेल कमी पितो, मऊ चालतो, केबिनमध्ये गाणी लागतात. चालू असेपर्यंत त्याच्यासारखा दुसरा नाही. बंद पडला की कंपनीचा माणूस, कंपनीचं तेल, कंपनीचा फिल्टर आणि कंपनीची तारीख.

पिवळ्याबद्दल मी एकतीस वर्षं जे सांगत आलो ते सगळ्यांना पाठ आहे. त्याचा खुलासा पुढच्या कलमात.

आणि खरं विचाराल तर माझ्याकडे जे ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं टिकले त्यांचे रंग वेगवेगळे होते. मालक मात्र एकाच जातकुळीचे. सकाळी चावी फिरवायच्या आधी तेल बघणारे, धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर रोज झाडणारे, अडीचशे तास म्हणजे अडीचशे तासच मोजणारे. अशा माणसाच्या हातात बैलगाडी दिली तरी तिची सर्व्हिसिंग वेळेवर होईल. असा माणूस मी आयुष्यात एकच जवळून पाहिला, आणि त्याचंच मी वाटोळं केलं.

कलम ६. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. एकतीस वर्षांपूर्वी त्याने पिवळा घेतला. घेण्याआधी त्याने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, आणि घेतल्यावर सोबत आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दादा सगळंच वाचतो. औषधाच्या बाटलीवरचं, विम्याच्या कागदामागचं बारीक अक्षरातलं, सही करायच्या आधी सगळं. मी तेव्हा नुकतंच वर्कशॉप टाकलं होतं आणि मी पुस्तक वाचत नसे. मला कानाने कळतं, असं मी सांगत असे.

पहिल्या सर्व्हिसिंगला दादाने पिवळा माझ्याकडे आणला. मी खालचा संप उतरवला, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात. धुतला, पुसला, परत लावला. अकरा तास नांगरणी झाली आणि दादाच्या ड्रायव्हरच्या हातात इंजिन जाम झालं, नांगराच्या तासात मधोमध. समोर तेलाचा लाल दिवा लागला होता. ड्रायव्हरला वाटलं, दिवा आहे म्हणजे लागणारच.

वीसेक माणसं जमली. मी सळई लावली, ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी लावली, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पिवळ्याचं मेटल कच्चं आहे." दादा म्हणाला, "मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं." मी म्हटलं, "पुस्तकावर इंजिन चालत नाही, दादा." माणसं हसली. त्या दिवसापासून दादाला सगळे पुस्तकमास्तर म्हणतात. ते नाव मी ठेवलं.

संध्याकाळी हात धुताना मी कापडं मोजली. घरातल्या जुन्या पडद्याची, निळ्या फुलांची, आठ फडकी केली होती. सात भरली.

आठवं संपमध्ये राहिलं होतं. तेल ओढणाऱ्या जाळीवर ते जाऊन बसलं असणार आणि इंजिन तहानेनं मेलं. संप उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी दादाला म्हटलं, भंगारात काढ. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपच्या फाटकावर बोर्ड लावला: पिवळा ट्रॅक्टर आत आणू नये. तो अजून आहे. लोकांना वाटतं तो माझा अनुभव आहे. ती माझी भीती आहे. माझ्या शब्दावर किती लोकांनी पिवळ्याचं बुकिंग रद्द केलं ते मी मोजलं नाही. वर्षभरात पिवळ्याचा विक्रेता दुकान बंद करून गेला, जाताना माझ्याशी हात मिळवून गेला.

दादाने मग माझ्याच सल्ल्याने निळा घेतला. तो निळा दर हंगामाला माझ्याकडे दुरुस्तीला येतो, ड्रायव्हर घेऊन येतो, दादा येत नाही. आम्ही बोलत नाही असं नाही. पाणी आलं का, वीज आली का, एवढं बोलतो. पिवळा त्याच्या शेडमध्ये तसाच उभा आहे. तो त्याला पुसतो, टायरमध्ये हवा भरतो. एकतीस वर्षं मी त्या शेडवरून जातो आणि दर वेळी मला वाटतं, आज त्याने संप उघडला असेल. मेलेल्या इंजिनाची एवढी निगा राखणारा माणूस मी मूर्ख ठरवला. मला माझी लाज वाटते. रोज वाटते.

तरी मी असं ठरवतो, की हे कलम वर्कशॉपच्या आवारात गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचावं. इंजिन कंपनीने मारलं नाही, दादाने मारलं नाही, मी मारलं. पुस्तकमास्तर हे नाव त्या दिवसापासून कोणी उच्चारू नये. मुलीने बोर्ड काढावा. गिऱ्हाइकांनी माझा राग तिच्यावर काढू नये, ती काम संपल्यावर फडकी मोजते.

कलम ७. ऑफिसच्या कपाटात, वरच्या फळीवर, पिवळ्याचा पिस्टनचा नवा सेट आणि क्रँकची बेअरिंगं आहेत. मिळवायला मला दोन वर्षं लागली, दुकानदाराला मी खोटं गिऱ्हाईक सांगितलं. मुलीने दादाच्या शेडवर जाऊन ते इंजिन नव्याने बांधून द्यावं. त्याला एकदा तरी ते सुरू झालेलं ऐकायला मिळावं.

कलम ८. दादाला मी या मृत्युपत्रात काहीही ठेवत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार म्हणून दादाच हवा. वाचल्याशिवाय तो सही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोंडाने मला हे कधीच सांगता आलं नसतं. तो वाचत असताना मी समोर बसलेला असेन. त्याने तेवढा वेळ माझ्याकडे बघू नये, ही विनंती.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं, खाडाखोड आहे ती माझीच.

स्थळ: वर्कशॉपचं ऑफिस, फिरत्या खुर्चीत.
दिनांक: ९, शुक्रवार, दुपारी चार.

सही: मिस्त्री

साक्षीदार क्र. १: डॉक्टरीणबाई. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. तपासणीच्या वेळी व्हॉल्व्हच्या किमतीवरून वाद घालत होते. सही.

साक्षीदार क्र. २: थोरला भाऊ. सर्व पानं वाचून सही केली आहे. काही चुका आढळल्या, त्या इथेच नोंदवतो.

कलम ६. पडद्यावरची फुलं निळी नव्हती, जांभळी होती. कापड माझ्याकडे आहे. संप मी त्याच महिन्यात उघडला, पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर कसा उघडायचा ते दिलं आहे. तेव्हा तुझं वर्कशॉप नवं होतं आणि पोर सहा महिन्यांची. मी बोललो असतो तर तुझ्याकडे कोणी सायकलची हवा भरायलाही आलं नसतं.

कलम ७. पिस्टनचा सेट दुकानदाराला परत कर. इंजिन बांधून बारा वर्षं झाली. पोरीने बांधलं, मी बाजूला बसून पुस्तक वाचून दाखवलं. मागच्या उताराचं शेत आम्ही पिवळ्यावरच नांगरतो, तू शहरात गेलास की, बुधवारी. निळा तुझ्याकडे दुरुस्तीला पाठवायला ठेवला आहे.

बोर्ड पोरीने काढायचा नाही. तू लावलास, तू काढशील. ऑपरेशन होऊन आलास, की डॉक्टरीणबाई हिंडायला परवानगी देतील त्या बुधवारी शहरात जाऊ नकोस. शेडवर ये. मी चावी लावून ठेवतो.