भेट दिलेलं मशीन

ती. आई,

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी, मग नमस्कार. मी मजेत आहे.

पेपरातला माझा फोटो तू शेजारीपाजारी दाखवलास म्हणे. आपल्या देशाने इथल्या दवाखान्याला एक्स-रे मशीन भेट दिलं, तो हा कार्यक्रम. पण दवाखान्यात वीजच नाही; मशीन चाललं भाड्याच्या जनरेटरवर. पाहुणे गेले, तसा जनरेटरही गेला. नर्सने विचारलं, "उद्यापासून पेशंट बोलवू ना?" मी हसून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एक बाई हात मोडलेल्या लेकीला कडेवर घेऊन चार तास चालत आली. मी त्यांना आमच्या वकिलातीच्या गाडीने शहरात नेलं. प्लास्टर झाल्यावर ती बाई म्हणाली, "तुमच्या देशाचे फार उपकार झाले."

साहेबांना सगळं लिहून कळवलंय; बहुतेक मला परत पाठवतील. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्या बाईला खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून तुला सांगतेय.

तुझीच,
धाकटी