सुप्याजवळ बंद पडणारी थंड हवा

आबा,

परवा भाच्याच्या गाडीतून पुण्याला निघाले होते. सुपं मागे पडलं आणि गाडीतली गार हवा एकाएकी कोमट यायला लागली. भाचा म्हणाला, गॅस संपला असेल. मग दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर होता. घरी आल्यावर वही उघडून बसले. तुम्हाला जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली. एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही, आणि ती विचारावी असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात भिंगारचे निवृत्त मेजरसाहेब आपल्या घरी आले, तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायचात; त्या वेळी कामावरून येऊन दारातल्या फरशीवर पाय धूत होता. मी बी.एस्सी. होऊन शाळेत शिकवायला लागले, त्याला वर्षही झालं नव्हतं. साहेबांकडे एक लाल विलायती गाडी होती, दोन दरवाजांची, बुटकी, शर्यतीत पळवतात तसली. मुंबईत कुणा परदेशी माणसाकडून त्यांनी ती जुनी झाल्यावर घेतली होती. तिच्यात थंड हवेचं यंत्र होतं आणि तेच बिघडलं होतं. एरवी त्याची कुणी एवढी फिकीर केली नसती. पण बाईसाहेबांचं हृदय कमजोर होतं, दर मंगळवारी त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यावं लागायचं, आणि आदल्याच मंगळवारी सुप्याच्या पुढे त्या उन्हानं बेशुद्ध पडल्या होत्या. "बंगल्यात सुरू करून बघावं तर गार हवा देते," साहेब सांगत होते. "सुप्यापर्यंत देते. मग बंद. परत आणून बघावं तर पुन्हा गार. पुण्याच्या मेकॅनिकनंही हात टेकले." तुम्ही म्हणालात, "गाडीतलं यंत्र म्या कदी उघडलं न्हाई, साहेब. पर बर्फ करायची रीत तीच आसंल. बघू."

रविवारी तुम्ही मला बरोबर घेतलंत, कारण गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं. बंगल्याच्या आवारात कडुनिंबाखाली मी पुस्तक वाचून अर्थ सांगते आहे आणि तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले आहात. पट्टा सैल असेल, पुस्तक म्हणतं. पट्टा ताठ आहे. पुढची जाळी धुळीनं बुजली असेल. तुम्ही ती पाण्यानं धुऊन काढता, फरक पडत नाही. नळीवरच्या काचेत बुडबुडे दिसले तर गॅस कमी. बुडबुडे नाहीत. पुस्तकातलं सगळं ठीक आहे आणि बाईसाहेब व्हरांड्यात ओला रुमाल कपाळावर धरून बसल्या आहेत. मी गोंधळून जाते. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली मी, गार हवा का येते हे फळ्यावर समजावून सांगू शकत होते, पण ती का येत नाही हे मला सांगता येईना.

शेवटी तुम्ही म्हणालात, "सुप्याला जाऊ. रोग तितं हाय, तर तितंच बघायचा." साहेब गाडी चालवायला, तुम्ही शेजारी, आणि मागच्या नावापुरत्या जागेत गुडघे छातीशी घेऊन मी. चास गेलं, कामरगाव गेलं. आत इतकं गार होतं की मी पदर गुंडाळून घेतला. सुप्याच्या अलीकडे हवा कोमट झाली. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, इंजिन चालूच ठेवायला सांगितलंत आणि बॉनेट उघडून मला जवळ बोलावलंत. गॅस जिथून बारीक भोकातून सुटतो त्या पितळी तोटीकडे बोट दाखवून म्हणालात, "इतं कान दे. काय ऐकू येतंय?" मी म्हणाले, काहीच नाही. तुम्ही शेजारच्या हॉटेलातून गरम पाणी आणवलंत, फडकं बुडवून पिळलंत आणि त्या तोटीभोवती गुंडाळलंत. तुमचे डोळे तोटीकडे नव्हतेच, माझ्या तोंडाकडे होते. "आता?" मी म्हणाले, नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" तेवढ्यात आतून सूं असा आवाज सुटला. मी मान वर करायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. साहेब आतून म्हणाले, "गार येतेय, गार येतेय."

यंत्रात पाण्याची ओल शिरली होती. चालून चालून ती त्या भोकाशी येऊन गोठायची आणि वाट अडायची. गाडी थांबली की वितळायची, म्हणून घरी सगळं ठीक दिसायचं. तुम्ही सगळा गॅस काढलात, कारखान्यातला पंप आणून दुपारभर आतली ओल खेचून घेतलीत, साहेबांनी पुण्याहून आणलेला नवा गॅस भरलात. पुढच्या मंगळवारी बाईसाहेब पुण्याला जाऊन आल्या आणि त्यांनी आपल्याला मुद्दाम चहाला बोलावलं. म्हणाल्या, "शिरूरच्या पुलावरून जाताना आज माझे डोळे उघडे होते." साहेबांनी तुमची पाठ थोपटली. तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "आवाज हिनं ऐकला, साहेब. म्या नुस्तं फडकं धरलं." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. मला काही कळेना. सुप्याला तुम्ही माझी परीक्षा घेत होता असंच मी तोवर धरून चालले होते, शिकवणारा माणूस उत्तर माहीत असूनही विचारतो तशी. आता वाटलं, मी ऐकलेला आवाज तुम्हाला ऐकूच आला नव्हता की काय? वीस वर्षं त्या कारखान्याच्या धडधडीत उभे होता तुम्ही. घरीही आई तुमच्यासमोर आल्याशिवाय बोलत नसे. तो मी तिचा स्वभाव समजत आले होते.

परतताना तुम्ही सायकल चालवत होता आणि मी मागे कॅरियरवर बसले होते. मी विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" तुम्ही पायडल मारत राहिलात. भिंगार नाल्याजवळ उतार लागला तेव्हा म्हणालात, "नीट धर." एवढंच.

पुढच्याच वर्षी कारखान्यातला मोठा पट्टा तुटला. तुटायच्या आधी तो बराच वेळ फटफट वाजत होता, गेटवरच्या वॉचमननंही ऐकलं होतं, असं नंतर सगळे सांगत होते. तुम्ही त्याच्या शेजारी उभे होता. उजवं मनगट मोडलं ते धड जुळलंच नाही, आणि त्या हातात पुन्हा पाना धरवला नाही. सोळा वर्षं तुम्ही घरी बसून काढलीत. त्या सोळा वर्षांत रोज तुमच्यासमोर बसून जेवले, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, पण तो प्रश्न समोरून कधी विचारला नाही. तुम्ही ऐकून गप्प राहिलात, की ऐकलंच नव्हतंत? साहेबांसमोर ते वाक्य बोललात ते माझ्या कौतुकापायी, की मला काहीतरी सांगू बघत होता? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहायचं धाडस करते. तुम्ही हो म्हणाला असतात तर यांना यंत्रांपाशी उभं करू नका, असं मला कारखान्यात जाऊन सांगावं लागलं असतं, आणि तुमचं काम सुटलं असतं. सायकलवर मी तो प्रश्न मुद्दाम हळू आवाजात विचारला होता, आबा.