ह्यांची बोलकी पुस्तकं

५ नोव्हेंबर

आजही गिऱ्हाईक नाही! जुन्या पुस्तकांच्या दुकानात नवी येते ती फक्त धूळ. दुपारभर ह्यांचं यंत्र कानाला लावून बसले. डोळे गेल्यावर हे बोलकी पुस्तकं विकत घेऊ लागले, आणि ऐकता ऐकता मध्येच आपलं बोलणं त्यात भरून ठेवायचे. हे गेल्यापासून मी रोज एकच ऐकते, पुरवून पुरवून. आजचं — "हा लेखक नुसता फेकतोय! चहा टाक गं." हसले. मग रडले.

८ नोव्हेंबर

मास्तर आले होते, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचीही नजर अधू झालीय. "वहिनी, भाऊंची बोलकी पुस्तकं मला विकाल का?" का नाही? आयुष्यभर हेच तर केलं — एकाचं वाचून झालं की दुसऱ्याला विकायचं. ह्यांचं बोलणं तेवढं काढून ठेवीन.

पण ह्यांनीच घालून दिलेला दुकानाचा नियम — गेलेल्या माणसाची पुस्तकं वारसाच्या संमतीशिवाय हलवायची नाहीत. म्हणून बोलकी पुस्तकं विकणाऱ्या कंपनीला रीतसर कळवलं. मालक वारले, मी बायको, माझ्या नावावर करा. मृत्यूचा दाखलाही जोडला.

९ नोव्हेंबर

उत्तर नाही.

१३ नोव्हेंबर

आलं! आधी दोन ओळी सांत्वन. मग — पुस्तकं विकलेलीच नव्हती म्हणे! नुसता ऐकण्याचा परवाना, तोही ह्यांच्यापुरता. विकता येत नाही, वारशात मिळत नाही. मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहिता, मेल्यांनो?

फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "खातं बंद केलंय, मॅडम."

"आणि ह्यांचा आवाज?"

"खात्यातलं सगळं पुसलं जातं, मॅडम. तुम्ही कळवलं नसतं, तर आम्हाला कळलंही नसतं."

हात दाखवून अवलक्षण! दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

यंत्र उघडून पाहिलं. एक पुस्तक नाही. मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "वाळवीसुद्धा पुठ्ठे तरी ठेवते हो."

ह्यांचं निम्मं बोलणं ऐकायचं राहिलं होतं. मीच राखून ठेवलेलं. दुकान उघडलं नाही.

१६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. हे गेले तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती, मला राग होता त्याचा. "आई, माझ्या फोनवर बाबा उघडत नाहीयेत गं. त्यांच्याच खात्यातून रोज कामावर जाताना ऐकते मी. तुझ्याकडे आहेत ना?"

हो म्हणाले.